डीकॉम, कोर्बा, आरएमआय: जुन्या सिस्टीमचं बोलणं ओळखायचं कसं, बदलायचं कसं

१४ मार्च २०२३ च्या विंडोज अपडेटनंतर दोन दिवसांनी मला एका कारखान्यातून फोन आला. मशीन चालू, पीएलसी (मशीनवर नियंत्रण ठेवणारा छोटा संगणक) चालू, नेटवर्कला पिंग जातंय, पण कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवरचे आकडे सकाळपासून हलत नाहीत. जाऊन पाहिलं तर ती स्क्रीन दुसऱ्या संगणकावरच्या ओपीसी सर्व्हरकडून (मशीनचे आकडे इतर प्रोग्रामांना पुरवणारा प्रोग्राम) आकडे घेत होती आणि दोघांमधलं बोलणं डीकॉमवर, म्हणजे दुसऱ्या संगणकावरचं फंक्शन बोलावण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीवर, चाललं होतं. सर्व्हरला ताजं अपडेट मिळालेलं, स्क्रीनचा संगणक मात्र विंडोज ७ चा, वर्षानुवर्षं अपडेटविना. मायक्रोसॉफ्टनं जून २०२१ पासून डीकॉमची दारं टप्प्याटप्प्यानं आवळायला घेतली होती. जून २०२२ मध्ये कडक पडताळणी आपोआप चालू झाली आणि मार्च २०२३ ला ती बंद करण्याची सोयही गेली. सर्व्हरच्या सिस्टीम लॉगमध्ये १००३६ क्रमांकाची नोंद शेकड्यानं पडलेली होती, पण लॉग उघडून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. प्लँटमध्ये डीकॉम आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

असं गाठोडं ज्यांच्या अंगावर पडतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. डीकॉमसारखीच कामं करणारी कोर्बा (अनेक भाषांना चालणारी), जावाची आरएमआय, डॉटनेटची रिमोटिंग, युनिक्सकडची सन आरपीसी, वेब सर्व्हिसची सोप ही मंडळी आहेत. त्यांची तुलना करणारे तक्ते भरपूर सापडतात: कुठली भाषा चालते, कुठला प्रोटोकॉल, वेग किती. माझ्या अनुभवात ते तक्ते कामाच्या वेळी फारसे उपयोगी पडत नाहीत. या सगळ्या मंडळींनी एकच वचन दिलं होतं, की दूरच्या संगणकावरचं फंक्शन घरातल्या फंक्शनसारखं बोलावता येईल. ते वचन पाळण्यासाठी प्रत्येकानं काय काय झाकून ठेवलं, तिथं त्यांच्यातला खरा फरक आहे. बदल करताना तेच झाकलेलं उघडं पडतं.

पायरी १: समोर काय आहे ते तारेवर ओळखा

कागदपत्रांवर विसंबू नका. ‘आमची सिस्टीम वेब सर्व्हिसवर आहे’ असं सांगणाऱ्याच्या सर्व्हरवर मी डॉटनेट रिमोटिंग पाहिलेलं आहे. आधी सर्व्हरवर नेटस्टॅट चालवून कुठला प्रोग्राम कुठल्या पोर्टवर बसलाय ते लिहून काढा. १३५ वर विंडोजचा आरपीसी मॅपर (कुठली सेवा कुठल्या पोर्टवर आहे ते सांगणारा) असतोच, त्यामुळे तो दिसला म्हणजे डीकॉम वापरात आहे असं नाही. बाहेरच्या संगणकाकडून आधी १३५ वर आणि लगेच ४९१५२ च्या पुढच्या एखाद्या पोर्टवर जोडणी येत असेल तर मात्र शंका घ्या. १०९९ हे आरएमआय रजिस्ट्रीचं नेहमीचं घर, १११ हे सन आरपीसीच्या पोर्टमॅपरचं, २८०९ कोर्बाच्या नेमिंग सर्व्हिसचं.

पोर्ट बदललेले असू शकतात, पण पहिले चार बाइट सहसा खोटं बोलत नाहीत. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचे बाइट दाखवणारं साधन) जोडणीची सुरुवात पाहा. कोर्बाचा प्रत्येक संदेश ‘जीआयओपी’ (GIOP) या चार अक्षरांनी सुरू होतो, जावा आरएमआय ‘जेआरएमआय’ (JRMI) अशी ओळख देतो आणि डॉटनेट रिमोटिंगचा टीसीपी चॅनल टिंब धरून ‘.नेट’ (.NET) ही चार अक्षरं पाठवतो. डीकॉमच्या पोटात डीसीई आरपीसी असतं. त्याची सुरुवात ०५ ०० अशी होते आणि वायरशार्क ते स्वतःहून उलगडून दाखवतो. सोप असेल तर उघड्या डोळ्यांनी एक्सएमएल वाचता येतं.

हे काम कामाच्या दिवशी एकदा, रात्री एकदा आणि महिनाअखेरीला एकदा करा. शेवटच्या पायरीला याची आठवण होईल.

पायरी २: करार हाती घ्या

दोन बाजूंनी काय बोलायचं ठरलंय तो करार प्रत्येकाकडे वेगळ्या जागी असतो. कोर्बामध्ये तो आयडीएल फाइलीत असतो, आणि माझ्या मते या सगळ्यांत तो सर्वात स्वच्छ आहे. ओएमजी ही संस्था १९८९ मध्ये उभी राहिली आणि तिनं १९९१ मध्ये कोर्बाची पहिली आवृत्ती काढली, तेव्हापासून ‘आधी करार, मग कोड’ हा तिचा हट्ट राहिला. वीस वर्षांपूर्वीची आयडीएल फाइल आजही धड्यासारखी वाचता येते. सन आरपीसीत हाच करार .एक्स फाइलीत, सोपमध्ये डब्ल्यूएसडीएलमध्ये. आरएमआयमध्ये तो जावाच्या इंटरफेसमध्येच असतो, म्हणजे सोर्स हरवला असेल तर जार फाइल उलगडून काढावी लागते. रिमोटिंगचंही तसंच: दोन्हीकडे एकच डीएलएल वाटून घेतलेली असते आणि तोच करार.

कॉमचं, म्हणजे डीकॉमच्या एकाच संगणकावर चालणाऱ्या मूळ रूपाचं, प्रकरण जरा नाजूक. तिथं करार टाइप लायब्ररीत असतो. विंडोज एसडीकेमधल्या ओएलई व्ह्यूअरनं ती उघडून वाचता येते. पण कॉममध्ये इंटरफेसची ओळख नावानं होत नाही, १२८ बिटांच्या क्रमांकानं होते. आपल्याकडच्या असंख्य छोट्या कंपन्यांची बिलिंग, पगार आणि स्टॉकची सॉफ्टवेअरं व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मध्ये लिहिली गेली, आणि व्हीबी ६ मध्ये ‘बायनरी कम्पॅटिबिलिटी’ची खूण केलेली नसेल तर कंपोनेंट नव्यानं कंपाइल झाला की हे क्रमांक बदलू शकतात. कोड एका ओळीनंही बदललेला नसतो आणि तरी जुने क्लायंट ४२९ ची एरर देऊन बसतात. म्हणून जुन्या सोर्सवरून ‘फक्त एकदा कंपाइल करून बघतो’ असं प्रॉडक्शनच्या मशीनवर कधीही करू नका. आधी चालू डीएलएल, तिची टाइप लायब्ररी आणि रजिस्ट्रीतल्या तिच्या नोंदी जपून ठेवा.

इथंच आणखी एक नेहमीचा गोंधळ सांगून टाकतो. ८००४०१५४ हा कोड ‘क्लास नोंदलेला नाही’ असं म्हणतो, पण बहुतेक वेळा क्लास नोंदलेला असतो, फक्त ३२ बिटांच्या कप्प्यात, आणि बोलावणारा प्रोग्राम ६४ बिटांचा असतो. ६४ बिटांच्या विंडोजवर ६४ बिटांचं नोंदणी साधन सिस्टम३२ या फोल्डरमध्ये असतं आणि ३२ बिटांचं सिसवॉव६४ मध्ये. ही नावं ज्यानं ठेवली त्याला एकदा भेटायचंय मला.

पायरी ३: तीन प्रश्न विचारा

तुलना करायची तर मी तीनच प्रश्न विचारतो. ऑब्जेक्टचा पत्ता कुणाकडे आहे? त्याचं आयुष्य कोण मोजतंय? आणि कॉल मध्येच तुटला तर काय झालं हे कोण सांगणार?

पत्त्याचं आधी. कोर्बाची आयओआर ही लांबलचक मजकुराची ओळ म्हणजे ऑब्जेक्टचं पत्त्याचं पाकीट. त्यात सर्व्हरचं नाव आणि पोर्ट आतच लिहिलेला असतो. आरएमआयच्या स्टबमध्येही (दूरच्या ऑब्जेक्टचा क्लायंटकडचा प्रतिनिधी) तसंच, डीकॉमच्या संदर्भातही तसंच. त्यामुळे सर्व्हर नॅट किंवा डॉकरसारख्या पत्ता बदलणाऱ्या थराच्या मागे गेला की क्लायंटला मिळालेला पत्ता आतल्या नेटवर्कचा निघतो. आरएमआयमध्ये याचं हमखास लक्षण म्हणजे दूरच्या क्लायंटला ‘१२७.०.०.१ नं जोडणी नाकारली’ असा निरोप येणं. रजिस्ट्री सापडलेली असते, पण तिनं दिलेल्या स्टबमध्ये सर्व्हरनं स्वतःचा पत्ता चुकीचा लिहिलेला असतो. सर्व्हर सुरू करताना जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम ही प्रॉपर्टी बाहेरून दिसणाऱ्या नावानं द्या आणि ऑब्जेक्टचा पोर्टही पक्का करा, कारण १०९९ फक्त रजिस्ट्रीचा आहे. ऑब्जेक्टचा पोर्ट सांगितला नाही तर दर वेळी नवा निवडला जातो. डीकॉममध्ये डीकॉमसीएनएफजीमधून पोर्टांची ठरावीक पट्टी बांधून देता येते. कोर्बात ओम्निओआरबी या लायब्ररीसोबत येणारं कॅटआयओआर हे साधन आयओआर उलगडून आतला पत्ता दाखवतं. जोडणी होत नसेल तर तर्क लढवत बसण्याआधी ते चालवा.

आयुष्याचा प्रश्न याहून खोल आहे, आणि इथं चौघांचे चार स्वभाव दिसतात.

डीकॉममध्ये क्लायंटचा संगणक दर २ मिनिटांनी सर्व्हरला ‘आहे मी’ असं कळवतो. लागोपाठ तीन निरोप चुकले, म्हणजे साधारण ६ मिनिटं गेली, की सर्व्हर त्याचा संदर्भ सोडून देतो. आरएमआयमध्ये भाडेकरार असतो. मुदत मुळात १० मिनिटांची, क्लायंट ती वाढवत राहतो. रिमोटिंगमध्येही भाडेकरारच, पण सुरुवातीची मुदत ५ मिनिटं आणि प्रत्येक कॉलला किमान २ मिनिटांची हमी. कोर्बामध्ये असं काहीच नाही. सर्व्हरनं ऑब्जेक्ट तयार केला की तो कधी संपवायचा हे लिहिणाऱ्यानं स्वतः ठरवायचं.

यातून बिघाडांचे ठसे वेगवेगळे उमटतात. ‘जेवून आलं की प्रोग्राम चालत नाही, बंद करून उघडला की चालतो’ अशी तक्रार असेल तर रिमोटिंगच्या ५ मिनिटांकडे बघा. ऑब्जेक्ट क्लायंटनं घडवलेला असेल तर सरळ एरर येते. सिंगलटन (सगळ्या क्लायंटांसाठी एकच ऑब्जेक्ट) असेल तर तो गुपचूप नव्यानं जन्मतो आणि आतली माहिती पुसली जाते, आणि हे जास्त वाईट. सर्व्हरची मेमरी आठवडाभर हळूहळू चढते आणि कुणीतरी दर रविवारी तो रीस्टार्ट करतंय, असं असेल तर कोर्बाचा सर्व्हर ऑब्जेक्ट सोडत नाही अशी शंका घ्या. नेटवर्क काही मिनिटं गेलं आणि परत आलं तरी क्लायंट जागा होत नाही, हे डीकॉमचं लक्षण.

आता अपघात. कॉल पाठवला, उत्तर आलं नाही. काम झालं की नाही? कोर्बाचा मला सर्वात आवडणारा गुण इथं आहे. तिच्या प्रत्येक सिस्टीम एक्सेप्शनसोबत पूर्ण झालं, झालं नाही, किंवा ‘कदाचित’ अशी तीनपैकी एक खूण येते. ‘कदाचित’ ही प्रामाणिक खूण आहे. बाकीचे फक्त एरर देतात आणि उरलेलं तुमच्या नशिबावर सोडतात.

ही खूण मी एकदा न वाचता सोडली होती. वजनकाट्याच्या नोंदी पाठवणाऱ्या कोडमध्ये मी ‘एरर आली की तीनदा पुन्हा प्रयत्न’ असा लूप लिहिला आणि खूश होऊन घरी गेलो. दुसऱ्या दिवशी एकाच ट्रकच्या दोन-दोन पावत्या. पहिला कॉल सर्व्हरवर पोचून पूर्ण झाला होता, फक्त उत्तर वाटेत हरवलं होतं. तेव्हापासून माझा नियम असा: वाचणारा कॉल हवा तितक्या वेळा पुन्हा करा, लिहिणारा कॉल मात्र क्लायंटनं दिलेला एकमेव विनंती क्रमांक असल्याशिवाय पुन्हा करू नका. सर्व्हरनं तो क्रमांक आधी पाहिला असेल तर काम परत न करता जुनंच उत्तर द्यावं.

पायरी ४: मराठी मजकूर वेगळा तपासा

परदेशी मार्गदर्शिकांमध्ये ही पायरी सापडत नाही, आणि आपल्याकडे प्रकल्प इथंच अडकतात.

जुन्या मराठी डेटाचे दोन प्रकार असतात. एक खरा युनिकोड. दुसरा श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या साधनांच्या जुन्या फॉन्टांतला, जिथं साठवलेले बाइट इंग्रजी चिन्हांचे असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट काढला की कचरा दिसतो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी सिस्टीमचं म्हणून निवडता येणारं ८ बिटी कोडपेज (अक्षरांच्या क्रमांकांचा तक्ता) नाहीच, म्हणून व्हीबी ६ च्या काळात हाच मार्ग उरला होता. व्हीबी ६ ची मूळ कंट्रोल्स युनिकोड दाखवत नाहीत, देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात.

गंमत अशी की कॉमची बीएसटीआर ही स्ट्रिंग स्वतः १६ बिटी युनिकोडची आहे, वाटेत काहीच बिघडत नाही. बिघडतं ते दोन्ही टोकांना. कोर्बात उलट: आयडीएलमधला साधा ‘स्ट्रिंग’ ८ बिटी अक्षरांचा. जावाच्या बाजूनं त्यात ‘पुणे’ घातलंत तर डेटा कन्व्हर्जनचं एक्सेप्शन येऊ शकतं. ‘डब्ल्यूस्ट्रिंग’ वापरला की प्रश्न सुटतो, पण तो करारातला बदल आहे, म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी बदलाव्या लागतात. आरएमआय आणि सोप इथं निर्धास्त.

सर्वात धोक्याची जागा बदलाच्या वेळी येते. जुन्या फॉन्टातले बाइट नव्या जेसनमध्ये घालताना मधला एखादा थर त्यांना इंग्रजी कोडपेज समजून ‘सुधारतो’, काही बाइट बदलतात किंवा गळतात, आणि मग फॉन्टाच्या तक्त्यानं युनिकोड करायला गेलात तर काना-मात्रा भलतीकडे जातात. म्हणून मूळ बाइट जसेच्या तसे एका जागेपर्यंत आणा, तिथं एकदाच युनिकोड करा, पुढे फक्त यूटीएफ-८ जाऊ द्या. तपासणीसाठी ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रीकृष्ण’, ‘कुऱ्हाड’, ‘वाङ्मय’ असे शब्द घ्या. ‘राम’ सगळीकडे पास होतो.

पायरी ५: कुलपं

थोडक्यात सांगतो, कारण निष्कर्ष सरळ आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म पसरला तो डीकॉमच्या आरपीसीतल्या भोकातून, १३५ पोर्टवरून. आरएमआय तारेवर जावाचे सीरियलाइज केलेले ऑब्जेक्ट पाठवतं, आणि असा ऑब्जेक्ट उघडतानाच हल्लेखोराचा कोड चालू शकतो हे २०१५ मध्ये सगळ्या जगासमोर आलं. रिमोटिंगमधला बायनरीफॉरमॅटर याच जातीचा. डॉटनेट ९ मधून मायक्रोसॉफ्टनं तो काढूनच टाकला. यांपैकी एकाचाही पोर्ट इंटरनेटवर उघडा असेल तर लेख इथं थांबवा, आधी फायरवॉलमध्ये तो बंद करा. जावात सीरियलायझेशन फिल्टर लावता येतो, तो लावा.

पायरी ६: ठेवायचं, झाकायचं की काढायचं

जुनं आहे म्हणून काढायचं, हे कारण पुरेसं नाही. एकाच प्रोसेसमधलं कॉम आजही विंडोजचा कणा आहे. एक्सप्लोररपासून एक्सेलच्या ऑटोमेशनपर्यंत तेच चालतं. तिथला कॉल नॅनोसेकंदांत होतो, त्याला हात लावू नका. फाइली वाटून देणाऱ्या एनएफएसखालचं सन आरपीसीही असू द्या. सोपची नीट चाललेली सेवा केवळ फॅशन म्हणून बदलू नका. तिच्यात दूरच्या ऑब्जेक्टचं आयुष्य सांभाळण्याची भानगडच नाही, ती सहज अजून दहा वर्षं चालेल.

दोन संगणकांमधलं डीकॉम मात्र मी जमेल तिथं झाकतो. रिमोटिंग फक्त जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये आहे, नव्या डॉटनेटमध्ये आलंच नाही, म्हणून सर्व्हर नव्यावर न्यायचा असेल तर ते काढावंच लागतं. कोर्बाचं उत्तर भाषेवर अवलंबून आहे. दोन्ही बाजू सी++ मध्ये आणि टीएओ किंवा ओम्निओआरबी या कोर्बाच्या लायब्ररींवर असतील तर घाई नाही. जावा असेल तर लक्षात घ्या, २०१८ च्या जावा ११ मध्ये कोर्बाचे भाग जेडीकेतून (जावाच्या मूळ संचातून) काढले गेले, म्हणजे जावा वर चढवायचा तर जॅकओआरबीसारखा वेगळा ओआरबी (कोर्बाचं बोलणं सांभाळणारी लायब्ररी) जोडावा लागेल. आरएमआयचा गाभा अजून जेडीकेत आहे, फक्त त्यातलं ‘ॲक्टिव्हेशन’ जावा १७ मध्ये गेलं.

पायरी ७: मध्ये दुभाषी बसवा

झाकण्याची माझी रीत अशी: जुन्या सर्व्हरच्याच मशीनवर एक छोटा प्रोग्राम ठेवायचा. तो आत जुन्या भाषेत बोलतो आणि बाहेर जीआरपीसी (गूगलची नव्या जमान्याची आरपीसी) किंवा साध्या एचटीटीपीवर. डीकॉम मशीनबाहेर पडत नाही, त्यामुळे पोर्टांचं आणि पडताळणीचं बहुतेक दुखणं संपतं. त्या कारखान्यात आम्ही हेच केलं, बाहेरची बाजू फक्त ओपीसी यूएची ठेवली. ती त्याच घराण्याची पुढची पिढी आहे आणि डीकॉमवर अवलंबून नाही.

दुभाषी लिहिताना जुना करार ओळीला ओळ उतरवू नका. जुन्या ऑब्जेक्टवर २५ प्रॉपर्टी एकेक करून भरायची सवय असते. एकाच प्रोसेसमध्ये त्याची किंमत काहीच नसते, पण जाण्या-येण्याला ३० मिलिसेकंद लागणाऱ्या नेटवर्कवर तेच ७५० मिलिसेकंद होतात. २५ ही मूल्यं एकाच संदेशात पाठवा.

व्हीबी ६ चा कंपोनेंट असेल तर धाग्यांकडे लक्ष द्या. तो एकाच धाग्यावर राहणारा, म्हणजे एसटीए. नव्या डॉटनेटच्या सर्व्हरमधून थेट बोलावलात तर असे सगळे ऑब्जेक्ट एकाच यजमान धाग्यावर कोंबले जातात आणि दहा जणांची रांग लागते. स्वतःचे चार-पाच एसटीए धागे उघडून त्यांच्यात काम वाटा. ३२ बिटांची डीएलएल ६४ बिटांच्या प्रोसेसमध्ये चढत नाही. दुभाषीच ३२ बिटांचा करा, हा सर्वात कमी त्रासाचा मार्ग.

सर्व्हर क्लायंटला उलटा फोन करत असेल, म्हणजे कॉलबॅक असतील, तर ते शोधून काढा. फायरवॉलनं आधी तेच अडतात. त्यांच्या जागी जीआरपीसीचा स्ट्रीम चांगला बसतो, जोडणी क्लायंटनंच उघडलेली असते.

मग महिनाभर दुभाषी फक्त ऐकता ठेवा. खरे कॉल नोंदवा, तेच नव्या वाटेनं चाचणीच्या सर्व्हरवर चालवा, उत्तरं ताडून बघा. तारखा, रिकामी मूल्यं आणि पैशाचे दशांश इथं फरक हमखास निघतो. कॉममधला करन्सी प्रकार चार दशांशांपर्यंत नेमका असतो, नव्या बाजूला कुणी ‘डबल’ (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) घेतला असेल तर पैशापैशाचा फरक साठत जातो.

पायरी ८: जुनं बंद करणं

क्लायंट एकेक करून नव्या वाटेवर न्या, सगळे एका शनिवारी नको. शेवटचा गेला की जुना सर्व्हर लगेच पुसू नका. बाहेरच्यांसाठी पोर्ट बंद करा, पण फायरवॉलला सांगा की दार वाजवणाऱ्याचा पत्ता लिहून ठेव. काही कॉल दिवसाला येतात, काही महिनाअखेरीला, आणि एखादा वर्षातून एकदाच. मी निदान एक ३१ मार्च जाऊ देतो. साखर कारखाना असेल तर एक पूर्ण गळीत हंगाम. आमच्या त्या प्लँटमध्ये सात महिने शांतता होती आणि मग एका दुपारी लॉगमध्ये अचानक एक पत्ता उमटला. स्टोअरमधला संगणक होता, वार्षिक साठा मोजणीचा रिपोर्ट काढण्यासाठी कुणीतरी धूळ झटकून चालू केला होता. त्याला नवी वाट दाखवली, आणखी एक वर्ष थांबलो आणि मग रजिस्ट्रीतून नोंदी काढल्या.